फोर्टात पाच पाने

भूक सपाटून लागलेली आहे, आपण टेबलापाशी बसलो आहोत, गार पाण्याचा पेलाही तोंडाला लावून झाला आहे, आणि तेवढ्यात काही न खाता उठून जावे लागले, असा प्रसंग वाचकांपैकी कितीजणांवर आला असेल ते मला ठाऊक नाही. आमच्यावर तो आला आहे. आणि एकट्यादुकट्यावर नव्हे, पाचजणांवर एकदम!

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. मी, आमची सौ., दोन मुले आणि माझी आई असे आमचे लटांबर साताऱ्याहून मुंबई पाहायला गेले होते. मुक्काम डोंबिवलीला, सौ.च्या भावाकडे. वार रविवार. सकाळी पोहे खाऊन निघालो ते थेट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. १९२२ साली लोकांना खुले झालेले हे संग्रहालय डोळे भरून पाहायचे तर एक दिवस अपुराच. पण पोटाला ते कोणी समजवावे? बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता. नऊ वर्षांच्या चिरंजिवांनी भुकेचा धोशा लावला होता आणि आईचे गुडघे बोलू लागले होते.

समोरच काळा घोडा. तिथे एक काचेचे दार दिसले. दार उघडताच गार हवेची झुळूक अंगावर आली आणि आम्ही आत जाऊन बसलो. पाणी आले, मागोमाग मेनूकार्ड आले. आम्ही मध्यमवर्गीय माणसे मेनूकार्ड उर्दूसारखे उजवीकडून वाचायला घेतो. उजवीकडचे आकडे पाहून मी डावीकडे वळलोच नाही. पाचजणांचा हिशेब मनातल्या मनात मांडला तो आमच्या महिन्याच्या किराणामालाच्या निम्म्यापाशी जाऊन थांबला.

आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण मुलाचा चेहरा वाचता येतो. ती हळूच म्हणाली, "मला काही भूक नाही रे. सकाळचे पोहे अजून तसेच आहेत." लगेच सौ. म्हणाली, "मलाही फारशी नाही, अहो." इथवर ठीक होते. पण तेवढ्यात आमची तेरा वर्षांची कन्या म्हणाली, "बाबा, मलापण नको काही." एकटे चिरंजीव तेवढे खरे बोलले. ते म्हणाले, "मला लागलीये!"

आम्ही उठलो. वेटरने काहीएक न बोलता अदबीने दार उघडून धरले. तो रागावला असता तर बरे वाटले असते. पुढे पदपथावर वडापाव घेतला. आईला उभे राहून खाण्याची सवय नाही. एका खांबाला टेकून तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला नातवाला दिला.

त्या दिवशी माझे पैसे वाचले. पण मुलीचे ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. 'भूक नाही' असे म्हणण्याची कला आमच्या घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ती माझ्या मुलीने माझ्यादेखत, मुंबईच्या भर वस्तीत उचलली होती. तेव्हापासून या प्रश्नाकडे मी जरा गंभीरपणे पाहू लागलो : मोठ्या शहराच्या मध्यभागी साध्या मिळकतीच्या कुटुंबाने, म्हातारे माणूस आणि लहान मूल बरोबर घेऊन, दुपारी जेवायचे तरी कुठे?

ही पंगत कोणासाठी?

आपण ज्याला फोर्ट म्हणतो तिथला कोट १८६० नंतरच्या काही वर्षांतच पाडला गेला. कोट गेला, नाव राहिले. पेढ्या, बँका, कचेऱ्या, कोर्ट आणि जवळची गोदी यांनी ही जागा व्यापली. इथे रोज हजारोंनी येणारा माणूस होता तरी कोण? कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, दक्षिण कानड्यातून पोटासाठी आलेला पुरुष. बायकापोरे गावी आणि हा इथे चाळीतल्या खोलीत चारपाच सोबत्यांसह. मुंबईतले स्वस्त अन्न उभे राहिले ते याच एकट्या पुरुषासाठी.

गिरगावात खानावळी निघाल्या त्या त्याच्यासाठी. इराणातून आलेल्या झरतुष्ट्र्यांनी नाक्यानाक्यांवर चहा आणि ब्रून-मस्क्याची दुकाने थाटली. धोबी तलावची कयानी आणि कंपनी १९०४ सालची, बॅलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया १९२३ सालची. दक्षिण कानड्यातून उडुपी मंडळी आली आणि राइस प्लेट हा शब्द मुंबईच्या तोंडी बसला. काळबादेवीला व्यापारी पेठेतल्या लोकांसाठी गुजराती भोजनालये निघाली. तिथले श्री ठाकर भोजनालय १९४५ पासूनचे. गिरणगावात तर घरोघरच्या बायकाच गिरणीकामगारांना दोन वेळचे रांधून वाढत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून.

या साऱ्या ठिकाणी रांधणारी कधी पुरुष होता, कधी बाई; पण जेवणारा मात्र बहुधा एकटा पुरुषच. म्हणून टेबले लहान, बाके अरुंद. जेवायचे, हात धुवायचे आणि दुसऱ्याला जागा करून द्यायची. खानावळीत पाचजणांचे कुटुंब, त्यात एक आजी, असा हिशेब कोणी मांडलेलाच नव्हता. तेव्हा आपण सहकुटुंब फोर्टात गेलो आणि आपल्याला जागा सापडली नाही, तर त्यात आपली फजिती काहीच नाही. ते शहर आपल्यासाठी मांडलेलेच नव्हते!

पडद्याआडचा चहा

पुढे बायका कामाला, शिकायला, खरेदीला बाहेर पडू लागल्या तसे हॉटेलवाल्यांनी एक तोड काढली. ती म्हणजे 'फॅमिली रूम'. लाकडी फळ्यांचा आडोसा, नाहीतर पोटमाळ्यावरची चार टेबले आणि समोर एक कळकट पडदा. इराण्याकडे हे असे आणि उडुप्याकडेही असेच.

माझी आई लग्नानंतर, १९७५ च्या सुमारास, वडिलांबरोबर पहिल्यांदा मुंबईला आली होती. एका इराण्याच्या फॅमिली रूममध्ये तिने चहा घेतला. चहा कसा होता ते तिला आठवत नाही, पडदा आठवतो. "सारखं वाटायचं, आपण काहीतरी चोरून खातोय," असे ती सांगते. जागा दिली होती, पण ती लपून बसायची जागा होती.

आता पडदे गेले. त्या जागी वातानुकूलित खोली आली. पुष्कळ हॉटेलांत एकच मसाला डोसा खाली एका भावाने आणि वरच्या गार खोलीत दुसऱ्या भावाने मिळतो. वेटर कुटुंब पाहिले की सवयीने "वर चला, वर फॅमिली आहे," म्हणतो आणि आपणही संकोचाने जिना चढतो. माझे म्हणणे असे की, गुडघे दुखणाऱ्या आईला तो जिना चढवण्याआधी खाली निवांत टेबल आहे का ते विचारावे. बहुतेक वेळा असते. थंडाव्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पण ते आपण ठरवून द्यावेत, लाजेने नव्हे.

काही अनुभवाचे बोल

त्या रविवारनंतर मी मुंबईकर स्नेह्यांना विचारून आणि स्वतः पायपीट करून थोडे ज्ञान मिळवले. पुढची दिवाळी जवळ आली आहे, म्हणून ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट घड्याळाची. फोर्टातले स्वस्त जेवण कचेरीच्या घड्याळावर चालते. एक ते दोन या वेळात तिथे पाचजणांनी एकत्र बसण्याची आशा धरू नये. एकट्या कारकुनाला कुठल्याही टेबलाच्या कोपऱ्यावर जागा मिळते. कुटुंबाला सबंध टेबल लागते. म्हणून बाराच्या सुमारास जावे, नाहीतर दोननंतर. मात्र तीन वाजेपर्यंत ताणू नये. राइस प्लेट संपते, भटारखाना इडली-वड्याकडे वळतो आणि जेवणाची वेळ गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट वाराची. आमची खरी चूक ही होती. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग. कारकून रविवारी घरी, म्हणून त्याचा हॉटेलवालाही पुष्कळदा रविवारी घरी. म्हणजे बाहेरगावचे कुटुंब ज्या दिवशी मुंबई पाहायला येते, नेमक्या त्याच दिवशी त्याला परवडणारी दारे बंद आणि न परवडणारी उघडी! शक्य असेल तर फोर्ट कामाच्या दिवशी पाहावे. घारापुरीची लेणी मात्र सोमवारी बंद असतात, तेवढे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट पाहणीची. आत शिरण्याआधी दाराशी क्षणभर थांबावे. भाव फळ्यावर लिहिलेले आहेत का? ज्याला भाव सांगायची लाज नाही त्याच्याकडे आपल्यालाही लाजावे लागत नाही. आत कोण बसले आहे? फायली घेतलेले, डबा विसरलेले, रोजचे वाटणारे लोक दिसले तर निःशंक आत जावे. रोज जेवणारा माणूस महाग आणि वाईट अन्न फार दिवस सोसत नाही. हात धुवायची जागा कुठे आहे, बायकांसाठी स्वच्छ मोरी आहे का, हेही विचारावे. खाऊगल्लीत खाणे स्वस्त असते आणि रुचकरही असते. परंतु म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा आणि लहान मुलाला हात धुवायला नळ नसेल तर ती स्वस्ताई अपुरी आहे.

चौथी गोष्ट बिलाची. वेटर बसल्याबरोबर विचारतो, "पाणी साधे की बाटलीचे?" 'साधे' हा शब्द खणखणीत आवाजात उच्चारावा. सामान्य उपाहारगृहातल्या जेवणावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून ५ टक्के जीएसटी आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क ही गोष्ट निराळी. हॉटेलांनी ते बिलात आपोआप घालू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत बजावले आणि २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. वाढप्याला खुशीने काय द्यायचे ते द्यावे, अवश्य द्यावे. पण ती खुशी आपली असावी.

पाचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे मोकळेपणाने विचारणे. "एका राइस प्लेटमध्ये दोन लहान मुलांचे भागेल का?" हा प्रश्न विचारताना मला पूर्वी घाम फुटत असे. साध्या हॉटेलात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. तिथले वेटर हसत नाहीत, एक रिकामी ताटली आणून ठेवतात.

कुठे जावे?

आता प्रत्यक्ष ठिकाणे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरचा बझार गेट आणि बोराबाजाराचा भाग हा कुटुंबाला आधार देणारा आहे. पुरीभाजी, राइस प्लेट, डोसा असे सारे इथल्या गल्ल्यांत मिळते; पंचम पुरीवाला हे तर तिथले फार जुने आणि नावाजलेले दुकान. पुरीभाजी हा पदार्थ मला कुटुंबासाठी आदर्श वाटतो. ती मुलांना आवडते, म्हाताऱ्यांना चावते, आणि किती आली ते मोजता येते.

धोबी तलावाला कयानीकडे चहा, मस्का-पाव, मावा केक यावर दुपारची भूक भागते आणि मुलांना संगमरवरी टेबलाची नि गोल पाठीच्या खुर्च्यांची मुंबई पाहायला मिळते. ब्रिटानियाचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. पण तो आता पाचजणांच्या सहज आवाक्यातला राहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. काळबादेवीची गुजराती थाळी स्वस्त नव्हे. वर्षातून एकदा पोटभर जेवायचे असेल तर मात्र पैसे वसूल होतात.

फोर्टात जमलेच नाही तर उपाशी राहू नये, लोकल धरावी. परतीच्या वाटेवर धीम्या गाडीने माटुंग्याला उतरले की स्टेशनाजवळच पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासून चाललेल्या या बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवण मिळते. दादरला उतरले तर मराठी पदार्थांची उपाहारगृहे आहेत. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पियूष. तिथल्या १९८६ साली निघालेल्या 'आस्वाद'च्या मिसळीचा २०१५ साली लंडनमध्ये गौरवही झाला.

या यादीत असायला हवी होती अशी काही नावे आता घेता येत नाहीत. जहांगीर कलादालनातले 'सामोवार' १९६४ साली सुरू झाले. चित्रे पाहून बाहेर आलेल्या माणसाला, मग तो चित्रकार असो की विद्यार्थी, तिथे पराठा नि चहा घेऊन बसता येत असे. २०१५ साली ते बंद झाले. आम्ही त्या रविवारी जिथे उपाशी फिरत होतो, तिथून ते पाच मिनिटांच्या अंतरावर होते. खोताच्या वाडीतले मासळीच्या जेवणाचे 'अनंताश्रम'ही मिटले. जागेचे भाव वाढतात, कचेऱ्या दूर जातात, जुन्या मालकाची मुले दुसऱ्या उद्योगाला लागतात. एकेक दार बंद होते तसे शहराच्या मध्यभागी साध्या माणसाला बसायचे एकेक ठिकाण कमी होते. संग्रहालयाचे तिकीट परवडते, पण तिथे दुपार काढणे परवडत नाही, अशी वेळ आली तर ते संग्रहालय तरी आपले कसे म्हणायचे?

बुधवारची पंगत

त्याच मुक्कामातल्या बुधवारी आम्ही पुन्हा फोर्टात गेलो. सौ.चा भाऊ म्हणाला, "भाऊजी, आज बोराबाजारात जेवा आणि बाराला जेवा." त्याने सांगितलेले हॉटेल जेमतेम सहा टेबलांचे निघाले. भाव भिंतीवर, पाणी साधे, पंखा आवाज करणारा. आम्ही बसलो आणि मी भिंतीकडे पाहून, अगदी मोठ्याने, पाच पुरीभाज्या सांगितल्या.

ताटल्या आल्या. प्रत्येकीत टम्म फुगलेल्या पाच पुऱ्या. चिरंजिवांनी आपल्या पाहता पाहता संपवल्या. आईने आपल्या ताटलीतल्या दोन उचलून त्याच्या ताटलीत ठेवल्या आणि उरलेल्यांतली तिसरीही उचलली. आयुष्यभर ती हेच करत आली आहे. आमच्या घरी सगळ्यांची पाने होऊन गेल्यावर तिचे पान मांडले जाई आणि तव्यावरची शेवटची, थोडी करपलेली पोळी तिच्या वाट्याला येई.

वेटर बाजूलाच उभा होता. वयाने तिच्या नातवंडांत शोभेल असा, बोलण्यावरून कानडी मुलखातला. त्याने ते पाहिले. आत गेला आणि चार गरम पुऱ्या घेऊन आला. दोन त्याने मुलाला वाढल्या, दोन आईच्या ताटलीत. म्हणाला, "आजी, त्याला मी देतो. ह्या तुम्ही खायच्या."

आणि तो तिथेच उभा राहिला.

आई ओशाळली. तिने माझ्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले. मग पुरी मोडली, भाजीला लावली आणि खाऊ लागली. पडदा नव्हता. भर दुपारी, रस्त्यावरून दिसेल अशा टेबलापाशी बसून माझी आई दुसऱ्याने केलेले, दुसऱ्याने आग्रहाने वाढलेले गरम अन्न खात होती. तिला असा आग्रह होताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. केला तर मुळीच नव्हता.

बिल आले. त्यात जादा पुऱ्या मांडलेल्या नव्हत्या. मी विचारले तर गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो." मी त्या मुलाच्या हातावर जे ठेवले ते अगदी खुशीने ठेवले. रविवारी वाचवलेले पैसे असे सत्कारणी लागले म्हणायचे!

बाहेर पडल्यावर मी मुलीला विचारले, "काय गं, पोट भरलं का?"

ती म्हणाली, "हो. पण बाबा, अजून एक पियूष चालेल मला."

'भूक नाही' असे म्हणायला ती रविवारी शिकली होती, ते बुधवारी विसरली. मुंबईहून आम्ही पुष्कळ काही आणले; पण या विसरण्याइतके मोलाचे त्यात काही नव्हते. आता आमच्या घरी रविवारी आईचे पान पहिल्या पंगतीला मांडतो आणि पोळ्या मी वाढतो. त्या थोड्या करपतात, हे खरे. पण वाढल्यावर मी तिथेच उभा राहतो.